लहान गोळी, एकच जागा: टेक्सासमध्ये .२२३ रायफलने हरणाची शिकार

टेक्सासच्या हिल कंट्रीतली पूर्ण वाढलेली व्हाइटटेल हरणी जिवंत वजनाला ४० किलोच्या आसपास भरते. म्हणजे गावाकडच्या चांगल्या पोसलेल्या बोकडाएवढी. तिच्यासाठी खांदा सुजवणारी मोठी .३०-०६ रायफल लागतेच असं नाही. .२२३ रेमिंग्टन या लहान काडतुसाची पेन्सिलीच्या टोकासारखी दिसणारी गोळी हे काम स्वच्छ करते. अट एकच, ती योग्य जागी लागली पाहिजे. मोठी गोळी दोन-चार इंचांची चूक कधी कधी पोटात घालते, लहान गोळी घालत नाही. म्हणून .२२३ घेऊन मचाणावर बसणाऱ्याला नेमाइतकाच नकारही यायला हवा. हरीण समोर उभं आहे, पण बार काढायचा नाही, हे स्वतःला सांगता आलं पाहिजे.

ऑस्टिन, सॅन अँटोनियो, ह्यूस्टन, डॅलस या भागांतली आपली बरीच मराठी मंडळी आता शिकारीकडे वळू लागली आहेत. कुणाला फ्रीजरमध्ये स्वच्छ मांस हवं असतं, कुणाच्या मुलाला शाळेतल्या मित्राने नादी लावलेलं असतं. धक्का कमी, आवाज सोसवणारा, काडतुसं त्यातल्या त्यात स्वस्त, म्हणून बहुतेकांची पहिली रायफल .२२३च असते. .३०-०६ खांद्यावर साधारण २० फूट-पौंडाचा धक्का देते, .२२३ जेमतेम ३-४. धक्क्याच्या भीतीने डोळे मिटून चाप ओढण्यापेक्षा लहान रायफलने डोळे उघडे ठेवून मारणं केव्हाही चांगलं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख टेक्सासपुरता आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट यांच्या शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. सुट्टीत गावी गेल्यावर यातलं काहीही मनात आणू नका.

कागदपत्रं आधी, रायफल नंतर

तुमचा जन्म २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतरचा असेल, तर टेक्सासमध्ये शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम लागतो. तो टाळायचे मार्ग शोधू नका. बंदूक घेऊन कुंपण कसं ओलांडायचं, मचाणावर कसं चढायचं हे त्यात शिकवतात आणि अपघात नेमके तिथेच होतात. राज्यात सलग सहा महिने राहिल्यावर रहिवाशाच्या दराने परवाना मिळतो. त्याच्यासोबत हरणांचे टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला बांधायच्या चिठ्ठ्या, येतात.

आता आपल्या लोकांना हमखास अडचणीत आणणारा मुद्दा. एच-१बी, एच-४सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायचीच मनाई आहे. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. त्यामुळे मित्राची रायफल रेंजवर 'सहज' हातात घेण्याआधी परवाना खिशात हवा, आणि त्याची मुदत संपलेली नको. माझा सल्ला असा की व्हिसावर असाल तर एकदा इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारून घ्या. एका सुट्टीच्या हौसेपायी ग्रीन कार्ड अडकायला नको. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही.

रायफलीच्या बाबतीत टेक्सासचा नियम सोपा आहे. व्हाइटटेलसाठी सेंटरफायर काडतूस (ज्याच्या बुडाच्या मधोमध टोला बसतो) कुठल्याही व्यासाचं चालतं, रिमफायर (ज्याच्या बुडाच्या कडेवर टोला बसतो) चालत नाही. इथे नवखा माणूस फसतो, कारण .२२ लाँग रायफल आणि .२२३ यांच्या गोळ्यांचा व्यास जवळपास सारखाच आहे. ताकदीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. .२२ची गोळी नळीतून सुमारे १४० फूट-पौंड ऊर्जा घेऊन निघते, .२२३ची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुमारे १,२८०. नऊपट! .२२ने हरीण मारणं बेकायदा आहे आणि क्रूरही.

राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतात. व्हर्जिनियात हरणासाठी गोळीचा किमान .२३ इंच व्यास लागतो, कोलोरॅडोत .२४. तिथे .२२३ चालणारच नाही, .२४३ विंचेस्टर घ्यावी लागेल. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनाही रो किंवा फॅलो हरणासाठी .२४०च्या खाली जाता येत नाही.

काडतुसाचा डबा नीट वाचा

लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. घाईत असाल तर बाकीचं नंतर वाचा.

.२२३ची काडतुसं दुकानात ढिगाने असतात आणि त्यातली बहुतेक हरणासाठी निरुपयोगी असतात. एक प्रकार शिशावर सगळीकडून तांब्याचं कवच असलेल्या गोळीचा, लष्करी धाटणीचा. ही गोळी शरीरात फुलत नाही, बऱ्याचदा आरपार बारीक भोक पाडून निघून जाते. हरीण मैलभर पळून कुठेतरी तडफडत मरतं. दुसरा प्रकार कोयोटी, प्रेअरी डॉग असल्या लहान प्राण्यांसाठीचा. कवच पातळ, लागताक्षणी फुटून चूर होणारं. लहान प्राण्यावर ते ठीक, हरणाच्या खांद्याच्या हाडावर मात्र ही गोळी वरच्यावर फुटते आणि आत पोचतच नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पहिल्या हंगामात मी डब्यावरचं वजन पाहिलं, ५५ ग्रेन, आणि गोळीची जात पाहिली नाही. हरणी ऐंशी यार्डांवर होती, थोडी माझ्याकडे वळलेली. बार उडाला, ती कोलमडली, उठली आणि सीडरच्या झाडीत घुसली. रात्री दहापर्यंत टॉर्च घेऊन शोधलं. सापडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, दोनशे यार्डांवर, आणि माझ्याआधी कोयोटींना सापडली होती. खांद्यावर मुठीएवढी जखम होती. वरचं मांस फाटलेलं, हाड तडकलेलं, आणि आत फुप्फुसाला ओरखडासुद्धा नव्हता. ती रात्रभर जिवंत असणार. त्या दिवसापासून डब्यावरचा प्रत्येक शब्द वाचल्याशिवाय मी काडतूस विकत घेत नाही.

घ्यायचं ते हरणासाठीच बनवलेलं. नॉस्लर पार्टिशन ६० ग्रेन, फेडरल फ्यूजन ६२ ग्रेन, विंचेस्टर पॉवर-पॉइंट ६४ ग्रेन, किंवा बार्न्स टीएसएक्स ही पूर्ण तांब्याची गोळी. या फुलतात, पण एकसंध राहून खोल जातात. माझी स्वतःची पसंती तांब्याच्या गोळीला आहे. शिशाची वेगवान गोळी मांसात बारीक कण सोडते आणि ते मांस आपली पोरंबाळं खाणार असतात.

मग नळीचा पीळ बघा. नळीवर १:१२, १:९, १:८ असं काहीतरी कोरलेलं असतं. १:९ म्हणजे गोळी नऊ इंचांत एक पूर्ण गिरकी घेते. जुन्या बोल्ट रायफलींचा पीळ बहुधा १:१२ असतो. त्यातून ५५ ग्रेनपर्यंतची साधी गोळी सरळ जाते, लांब आणि जड गोळी डगमगते. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, म्हणून तिला १:९ किंवा त्याहून वेगवान पीळ लागतो. आणि नळीवर फक्त '.२२३ रेमिंग्टन' लिहिलं असेल तर ५.५६ नाटो काडतूस त्यात घालू नका. दिसायला दोन्ही सारखीच, पण ५.५६चा दाब जास्त असतो.

कागदी ताटली

रायफल १०० यार्डांवर झिरो करा, म्हणजे स्कोपमधून (रायफलीवरच्या दुर्बिणीतून) धरलेला नेम आणि गोळी लागायची जागा जुळवून घ्या. बाकावर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून तीन-तीन गोळ्या मारा, त्यांचा मध्य बघा, मगच स्कोपचे खटके फिरवा. बहुतेक स्कोपमध्ये एक खटका म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. प्रत्येक गोळीनंतर फिरवत बसलात तर डबा संपेल आणि झिरो काही होणार नाही. ज्या काडतुसाने शिकार करणार त्यानेच झिरो करा, स्वस्तातल्या सरावाच्या काडतुसाने नाही.

बाकावरचा नेम ही निम्मीच गोष्ट. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग आठ इंचांचा धरतात, साधारण कागदी ताटलीएवढा. तेव्हा वाढदिवसाच्या उरलेल्या ताटल्या घ्या, ५० यार्डांवर लावा, आणि जमिनीवर बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून पाच गोळ्या मारा. पाचही ताटलीत बसल्या तर ७५ यार्डांवर जा, मग १००वर. जिथे एक जरी बाहेर गेली, त्याच्या आधीचं अंतर हा तुमचा पल्ला. रायफलीचा पल्ला कंपनी सांगते, तुमचा पल्ला ताटली सांगते.

.२२३साठी वरची मर्यादा मी १५० यार्ड धरतो, आणि स्वतः १००च्या पुढे क्वचित जातो. याला कारण आहे. ६४ ग्रेनची गोळी नळीतून सुमारे १,३०० फूट-पौंडाने निघते, १०० यार्डांवर हजार उरतात, २००वर जेमतेम साडेसातशे. वेग उतरला की गोळी नीट फुलत नाही. शिवाय ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला १०० यार्डांवर इंचभर ढकलतो, २००वर चार-पाच इंच. हिल कंट्रीत नोव्हेंबरमध्ये वारा असतोच.

जागा

टेक्सासमधली ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे. त्यामुळे पहिला शोध हरणाचा नसतो, जमीनमालकाचा असतो. वर्षाची लीज महाग पडते. सुरुवातीला दिवसाच्या बोलीवर, फक्त माद्यांसाठी जाणं परवडतं. मालकाशी सगळं आधी ठरवा: कुठला नर मारायचा नाही, कुंपणाच्या पलीकडे कुणाची जमीन आहे, जखमी हरीण तिकडे गेलं तर कुणाला फोन करायचा. परवानगीशिवाय पलीकडे पाऊल टाकायचं नाही, समोर रक्ताचा माग दिसत असला तरी. कुठल्या काउंटीत किती माद्या चालतात, नराच्या शिंगांचा फैलाव किती हवा, हे दरवर्षीच्या 'आउटडोअर अ‍ॅन्युअल' या राज्याच्या नियमपुस्तिकेत बघा. सरकारी शिकारक्षेत्रात जाणार असाल तर नारिंगी जाकीट आणि टोपी सक्तीची आहे. खाजगी जमिनीवर सक्ती नाही, पण मी घालतोच.

मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. आदल्या आठवड्यात जागा फिरून बघा: खुरांचे ठसे, ताज्या लेंड्या, तारेच्या कुंपणाखाली अडकलेले केस, लाइव्ह ओकच्या झाडाखाली पडलेली एकॉर्न, म्हणजे त्याची फळं. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मका टाकून हरीण बोलावणं कायदेशीर आहे. काहींना ते रुचत नाही. मला विचाराल तर लहान रायफल आणि नवखा शिकारी असेल तेव्हा मक्याचा फीडर चांगला. अंतर आधीच मोजलेलं असतं, हरीण उभं राहतं, आणि नेम धरायला वेळ मिळतो.

मचाण असं बांधा की गोळी हरणाच्या पलीकडे मातीत जाईल. मागे टेकाड किंवा उतार हवा. गोळी लहान असली तरी चुकली तर मैलाहून दूर जाते, आणि टेकाडाच्या कण्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं असलेलं हरीण कितीही सुंदर दिसलं तरी त्याच्यावर गोळी झाडायची नाही. वर चढताना रायफल रिकामी. दोरीने नंतर वर ओढून घ्या, मगच काडतूस भरा.

बसणं आणि बघणं

कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. झुंजूमुंजू होण्याच्या आधीच मचाणावर असायला हवं. वारा तुमच्या तोंडावर येत असला पाहिजे. पाठीमागून येत असेल तर जागा बदला किंवा घरी जा. हरणाच्या नाकाला फसवणारा साबण मी अजून पाहिलेला नाही.

हरणी येते तेव्हा आधी काही दिसत नाही. सीडरच्या काळ्या सावलीत एक आडवी रेघ हलते, तीच पाठ. मग कान. ती पाय उचलते आणि टेकवायच्या आधी थांबते. डोकं खाली घालते, खाल्ल्यासारखं करते, आणि झटकन वर करून बघते. या हुलकावणीला फसून हललात तर शेपटीचं पांढरं निशाण दिसेल आणि खेळ संपेल. दोन-तीनदा असं करून तिची खात्री पटली की ती खरंच खायला लागते. शेपटी सैल हलते. तेव्हाच रायफल वर उचला. आधी तिच्यासोबत पाडस आहे का बघा. नोव्हेंबरपर्यंत पाडसं स्वतंत्र जगू शकतात, पण दोघांत गफलत करू नका. एकटं हरीण लहान वाटलं तर बहुधा ते पाडसच असतं.

आता जागा. हरणी पूर्ण आडवी उभी हवी. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर सरळ वर न्या. धडाच्या उंचीचा खालचा तिसरा भाग जिथे संपतो, तिथे, पायाच्या किंचित मागे. तिथे फक्त बरगड्या आहेत आणि त्यांच्यामागे दोन्ही फुप्फुसं. खांद्याचं हाड टाळायचं आहे, मोठ्या रायफलवाल्यांचं ऐकून खांद्यावर नेम धरू नका. हरणी किंचित पाठमोरी असेल तरी चालेल. तेव्हा पलीकडच्या पुढच्या पायाकडे गोळी जाईल असा नेम धरा. तोंड तुमच्याकडे असेल, तिरकी तुमच्याकडे वळलेली असेल, चालत असेल, मागे दुसरं हरीण असेल, तर थांबा. डोक्यावर आणि मानेवर नेम धरणारे शूर भेटतील. गोळी दोन इंच सरकली की जबडा तुटतो आणि ते हरीण आठवड्याने उपासमारीने मरतं.

श्वास अर्धा सोडा, तिथेच थांबा, चाप हळू मागे दाबत न्या. बार उडाल्यावरही डोळा स्कोपमध्येच ठेवा, आणि लगेच दुसरं काडतूस भरा. लहान रायफलीचा हा एक मोठा फायदा: धक्का नसल्याने गोळी कुठे लागली ते दिसतं.

बार उडाल्यावर

फुप्फुसाला लागलेलं हरीण उसळी मारतं आणि शेपटी दाबून पळतं. पन्नास-शंभर यार्ड पळणं नेहमीचंच. ते पाठीला कुबड काढून सावकाश गेलं तर गोळी पोटात लागली असं समजा. ते कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, दोन्ही जागा एखाद्या झाडाच्या खुणेने लक्षात ठेवा. मचाणावरून त्या सोप्या वाटतात, खाली उतरल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात.

अर्धा तास बसून राहा. घड्याळ लावून. मग जागेवर जा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, माग काढा. काळपट लाल म्हणजे यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट, दुर्गंधी येणारं असेल तर आतडी. सहा-आठ तास तरी तिला उठवू नका, नाहीतर ती मैलोन्‌मैल जाईल. लहान गोळीची बाहेर पडायची जखम लहान असते, कधी गोळी बाहेर पडतच नाही, त्यामुळे रक्त थोडं सांडतं. पहिले वीस-तीस यार्ड काहीच दिसलं नाही म्हणून 'चुकलं' असं म्हणून परतू नका. गुडघ्यावर बसून गवताच्या पात्यांची खालची बाजू बघा. प्रत्येक थेंबापाशी टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत जा, मागे वळून बघितलं की दिशा कळते. माग हरवला तर मालकाला सांगून माग काढणारा कुत्रा बोलवा. त्यात कसलीही लाज नाही.

हरीण पडलेलं दिसलं की पाठीच्या बाजूने जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच जवळ जा. सगळ्यात आधी टॅग: तारीख आणि महिना कापा, पेनाने भरा, बांधा. परवान्यामागची नोंदही भरा. डिजिटल परवाना असेल तर फोनवर तिथल्या तिथे नोंद करा. डोकं टाकून देऊ नका, नर की मादी हे पटवणारा पुरावा सोबत लागतो. काही भागांत सीडब्ल्यूडी या हरणांच्या रोगामुळे कलेवर हलवण्याचे नियम वेगळे आहेत, ते निघण्यापूर्वीच बघून ठेवा.

मग वेळ दवडू नका. टेक्सासच्या नोव्हेंबरात दुपारी ८० फॅरनहाइट सहज होतं, आणि मांस लवकरात लवकर ४०च्या खाली यायला हवं. हातमोजे घाला. उताणं करून मागचे पाय फाकवा. सुरीचं पातं वर ठेवून, खाली दोन बोटांचा आधार देत, कातडं आणि पोटाचा पडदा छातीपर्यंत उघडा. आतडी आणि मूत्राशय फुटू द्यायचं नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कापा, श्वासनळी वर पकडून कापा, आणि सगळं एकत्र बाहेर ओढा. फुप्फुसं यावेळी हातात घेऊन बघा. गोळी कुठून गेली, काय केलं, हे तुम्हाला कुठलाही तक्ता इतकं स्वच्छ सांगणार नाही. पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा. बर्फाच्या पेटीची तोटी उघडी ठेवा, मांस पाण्यात भिजत राहायला नको.

जखमेभोवतीचं रक्ताळलेलं मांस हात आखडता न घेता कापून टाका. कण्यालगतच्या लांब पट्ट्या सगळ्यात कोवळ्या, त्यांना नुसतं मीठ-मिरी आणि तापलेला तवा पुरे. मागचे फरे जाड तुकडे करून मटणासारखे करा, फक्त हरणाच्या मांसाच्या आत चरबी नसते, म्हणून तेल जरा सढळ घाला आणि आच मंद ठेवा. आमच्याकडे नागपूरचा सावजी मसाला असतो. त्यात पुढचे फरे तीन तास शिजले की हाड हाताने सुटतं. व्हाइटटेलच्या मांसावरची चरबी मात्र मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढून टाका.

याच हिल कंट्रीत एखाद्या संध्याकाळी तुम्हाला चितळही दिसतील. दचकू नका. १९३२ साली ते इथे आणले गेले आणि आता मोकळे फिरतात. इथे त्यांना ॲक्सिस म्हणतात. ते परदेशी प्राणी ठरत असल्याने त्यांना हंगाम नाही. शिकार परवाना आणि मालकाची परवानगी पुरते. मांस व्हाइटटेलहून चवदार आहे. पण पूर्ण वाढलेला चितळ नर व्हाइटटेलच्या नराहून बराच भारी असतो, आणि त्याच्यावर .२२३ची गोळी झाडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी .२४३ किंवा त्याहून मोठी रायफल. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मला नागझिऱ्यातली सकाळ आठवली, आणि माझी रायफल मांडीवरच राहिली.

मांसाचे वाटे करताना पहिला वाटा जमीनमालकाचा काढा, कण्याच्या पट्टीतला. फ्रीजर भरला असेल तर टेक्सासमध्ये 'हंटर्स फॉर द हंग्री' हा उपक्रम आहे. त्यात सहभागी असलेल्या खाटकाकडे हरीण दिलं की मांस गरजूंच्या ताटात जातं. बाकीच्या पुड्यांवर तारीख आणि भागाचं नाव लिहा, आणि रायफलीची नळी त्याच रात्री पुसून ठेवा.